ठेव्यात फेरफार

सांता एल्विरा गावात तीन मित्रांनी मिळून बँड काढला, ही बाब तशी गंभीर नव्हती. पंपा म्हणतात त्या आमच्या सपाट, गवताळ मुलुखात गाव तिथे बँड असतोच. लिसांद्रो गायचा, ब्रेंदा ड्रम बडवायची आणि मी बेस गिटार गळ्यात अडकवून उभा राहायचो. तालीम ब्रेंदाच्या मामाच्या टायरच्या दुकानामागे व्हायची. आमच्याकडे तालीम म्हणजे आधी निखारे, मग मांस, मग मांसावर चर्चा. वेळ उरलाच तर वाजवायचं. लिसांद्रो दुसऱ्या ओळीला हमखास उशिरा शिरायचा आणि शिरला की सूर सोडून शिरायचा. गावाला ते फार आवडायचं.

नगर परिषदेलाही आवडलं. कलावंताला मदत करायची म्हटलं की परिषदेत वर्षभर वाद चालतो, पण त्याला 'नगरहिताचा सांस्कृतिक ठेवा' म्हणून जाहीर करायला काहीच लागत नाही. आमच्याआधी हा मान बेकरीतल्या एका बिस्किटाला आणि स्टेशनवरच्या आंधळ्या कुत्र्याला मिळाला होता. सभासद एतेलविना बारागान यांनी भाषण केलं आणि आम्हाला पितळी पाटी मिळाली.

पाटीमुळे लिसांद्रो हुरळला. एवढा मान मिळालाय तर निदान नीट गावं, असं त्याने मनावर घेतलं आणि इथेच घात झाला. चर्चच्या गायनवृंदातल्या ओफेलियाबाईंकडे तो हिवाळाभर शिकायला गेला. निखारे पेटायच्या आधी तालमीला हजर राहू लागला. आणि बघता बघता पोरगा खरंच गायला लागला. मी वाजवायचं विसरून ऐकत राहायचो.

बातमी परिषदेपर्यंत गेली. एतेलविनाबाई स्वतः दुकानामागे आल्या, आणि 'माते' नावाचा आमच्याकडचा कडू चहा नळीने ओढत त्यांनी एक गाणं शेवटपर्यंत ऐकलं.

"छान गातोस रे बाळा," त्या हळहळून म्हणाल्या. "पण ठेव्यात फेरफार करता येत नाही."

"फेरफार कसला, मॅडम? मी सुधारलोय."

"तेच म्हणतेय मी. उद्या कोणी जुन्या चर्चची कललेली भिंत सरळ केली तर चालेल का? तुझा उशीर ठरावात आहे. दुसरी ओळ, अर्धा ठोका."

"आणि मी नीट वाजवायला लागले तर?" ब्रेंदाने विचारलं.

"तुझी काळजी नाही गं," बाई म्हणाल्या.

गावाच्या वर्धापनदिनी लिसांद्रोने कुणाचं ऐकलं नाही. भरल्या चौकात तो दुसऱ्या ओळीला वेळेवर शिरला, आणि सुरात. पहिल्या रांगेत ओफेलियाबाईंनी डोळे पुसले. मग मागून निषेधाच्या शिट्ट्या सुरू झाल्या. शिट्ट्या मारणाऱ्यांना परिषदेने काही पढवलेलं नव्हतं.

"आमचा लिसांद्रो कुठे गेला?" असं ओरडणारा त्याचा सख्खा भाऊ होता.

लिसांद्रोने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. पुढच्या कडव्यात तो अर्धा ठोका थांबला आणि बेसूर शिरला. चौक टाळ्या पिटत आनंदाने नाचू लागला. त्या टाळ्यांचा मला राग आला, अजूनही येतो.

परिषदेने मात्र यातून योग्य तो बोध घेतला. पुढच्याच बैठकीत श्रोत्यांनाही ठेवा जाहीर करण्यात आलं. ठरावानुसार श्रोत्याने सोळाव्या वर्षी जे गाणं आवडलं तेच मरेपर्यंत आवडून घ्यायचं आहे, आणि नवं काही कानावर पडलं तर आमच्या वेळची मजा नाही म्हणून नाक मुरडायचं आहे. हा ठराव सांता एल्विराच्या हद्दीपुरताच लागू आहे. तुमच्यासाठी वेगळा करायची परिषदेला गरज वाटली नाही. तुम्ही तो आधीपासून काटेकोर पाळत आहात.