पुढं फाटलंय

दसरूजी बिसेन यांना जगातले बहुतेक शोध अर्धे माहीत होते. उरलेला अर्धा भाग कागदाबरोबर फाटलेला असे.

गोंदियातल्या एका बिडी कारखान्यात ते चेकर होते; मजुरांनी वळलेल्या बिड्या तपासायचं काम. १९५२ पासून सहा वर्षं मी त्यांचा शेजारी होतो आणि नागपूरच्या एका दैनिकाचा बातमीदार. ते दैनिक त्यांनी कधी विकत घेतलं नाही. ते किराणा घेत. मीठ, हळद, साखर, रोज थोडं थोडं, म्हणजे पुड्या जास्त येत. घरी माल डब्यात जाई आणि पुडीचा कागद निखारे घातलेल्या तांब्याने इस्त्री करून वाचला जाई. औषधं, अणू, मजुरांचा थकवा, जुन्या काळच्या माणसांची हाडं, अशी शोधाची बातमी असली तर कागद ट्रंकेत. नाहीतर चुलीत.

"अख्खा पेपर काऊन घेत नाही जी?" मी एकदा त्यांच्याच बोलीत विचारलं.

"अख्ख्यात सारंच लिहून राहते," ते म्हणाले. "मंग शोधाचं काय?"

दुसऱ्या दिवशी कारखान्यात वाचन होई. अणूच्या पोटात एवढी शक्ती असते की ती बाहेर काढल्यास. प्राचीन लोक मृताजवळ धान्याचं मडकं ठेवत, कारण. इथे दसरूजी थांबत, चष्मा काढत आणि सांगत, "पुढं फाटलंय." पदरचं एक अक्षर घालत नसत. बातमीदार म्हणून मला हे आवडे.

"काऊन जी, तुमच्या शास्त्रज्ञायले एकही काम पुरं करता येत नाही का?" बिड्या वळणारी येसाबाई मान वर न करता विचारी. "आमची अर्धी बिडी तं तुमी फेकून देता."

एकदा तुकडा आला: 'सलग बसून काम करणाऱ्याने दर तासाला उठून'. दसरूजींनी तो अमलात आणला. तास झाला की सगळा कारखाना उभा राही. तिसऱ्या दिवशी मालक आले.

"ये सब खड़े क्यों हैं?"

"शास्त्रात आलंय, शेठजी."

"उठके करना क्या है?"

"पुढं फाटलंय."

शेठजी थोडा वेळ स्वतःही उभे राहिले. मग सगळ्यांना बसवून गेले.

अठ्ठावन्न साली माझी नागपूरला बदली झाली. मी म्हणालो, "दसरूजी, कचेरीत जुने अंक बांधून ठेवतात. तुकडे द्या, पुढचं उतरवून आणतो." मला वाटलं, ट्रंकच येईल. येसाबाईने मडक्याचं कारण आधी बघायला सांगितलं होतं. आठ दिवस दसरूजी फिरकले नाहीत. नवव्या दिवशी एकच कागद घेऊन आले. पिवळा, घडीवर विरलेला. 'क्षयावरील नव्या औषधाचा गुण दिसू लागला असून आपल्या प्रांतात हे औषध'.

"सीताच्या दुखण्यात साखरेच्या पुडीले आला होता," ते म्हणाले. सीता त्यांची बायको. मी तिथे राहायला जाण्याआधीच वारलेली. "डॉक्टरले दाखवला. ते म्हणे, पुढचं वाचल्याबिगर कसं सांगू? मंग दुकानं पाहिली. सारी. ह्या दुकानातून एक पुडी, त्या दुकानातून एक. बाराव्या दिवशी ती गेली."

पुड्या घेणं तेवढं थांबलं नव्हतं.

वृत्तपत्राचं नाव फाटलेलं होतं, पण टाइप आमच्याच दैनिकाचा होता आणि कोपऱ्यात तारीख शाबूत होती. अंक सापडायला दहा मिनिटं लागली. 'आपल्या प्रांतात हे औषध नागपूर येथे मिळू लागले आहे.' गोंदियाहून सकाळच्या गाडीने निघालं की दुपारी नागपूर येतं.

पुढच्या महिन्यात उरलेलं सामान न्यायला गेलो. दसरूजी घरापुढच्या छपरीत बसले होते.

"पाहिला का जी अंक?"

"पाहिला."

"मंग?"

"पुढं फाटलंय," मी म्हणालो.

कचेरीतल्या बांधीव अंकात कोणी साखर बांधत नाही, हे त्यांनाही माझ्याइतकंच कळत होतं. त्यांनी चष्मा काढला, कागद माझ्या हातून घेतला आणि घडी घालून खिशात ठेवला.

"बसा," म्हणाले. "चहा ठेवतो."

त्यांनी साखरेची नवी पुडी सोडली. साखर डब्यात ओतली आणि कागद न वाचता चुलीत घातला.