व्याह्यांचा घास आणि रक्ताचा कागद

ऑस्पनबेकची एक फुशारकी अख्ख्या गल्लीला पाठ होती. "माझं पोट? दगड टाका, पीठ करून देईल!" आणि त्याच पोटात मागच्या महिन्यात अशी आग पडली, की बायकोने, कुल्याशने, त्याला हाताला धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. पोटात जंतू! चौदा दिवस मूठमूठभर गोळ्या. त्याने त्या इमानेइतबारे गिळल्या. आग विझली, फुशारकी परत पेटली.

इथवर ठीक होतं. पण रविवारी मुलीच्या, मार्झानच्या, सोयरिकीला व्याही यायचे होते. त्यांच्याकडे सोयरीक म्हणजे व्याह्यांनी मेंढीच्या शेपटीची चरबी आणि कलेजी एकमेकांना हाताने भरवायची. घास गिळला, की शब्द पक्का! आपल्या हातून व्याह्याला जंतू नकोत, म्हणून हा शहाणा शनिवारी कुणाला न विचारता पुन्हा रक्त देऊन आला.

कागदावर तेच! 'जंतूंच्या अँटीबॉडी: आहेत.'

"मग गोळ्या काय शेळीने खाल्ल्या?" तो स्वतःशीच करवादला आणि कागद खिशात कोंबला.

रविवारी व्याही-विहीण आले, ताट आलं. व्याही सगिनतायने तोंड जेमतेम उघडलं. ऑस्पनबेकचा हात वर गेला, खाली आला, परत वर गेला. शेवटी तो उठला, स्वयंपाकघरातून लांब दांड्याचा झारा आणला आणि त्याच्या टोकावर घास ठेवून पुढे केला!

"हे काय?" सगिनताय उसळला. "मी व्याही आहे की तुमचं कुत्रं? पोरगी द्यायची नसेल तर सरळ सांगा!" टोपी चढवून तो दाराकडे निघालाही. मार्झानला रडू कोसळलं.

"अहो, थांबा!" ऑस्पनबेकने कागद काढला. "माझ्या पोटात जंतू आहेत. ते तुमच्या पोटात कसे घालू?"

सगिनतायने कागद वाचला. मटकन खाली बसला. आणि कोटाच्या खिशातून हुबेहूब तसाच कागद काढला! "माझ्याही गोळ्या संपल्या, तरी हे असं. खरं सांगू? मी पळायला निमित्तच शोधत होतो!"

कुल्याशने डॉक्टरीणबाईंना फोन लावला, तोही सगळ्यांना ऐकू येईल असा.

"रक्त पुन्हा तपासायला सांगितलं कुणी?" बाई कडाडल्या. "जंतू मेले तरी रक्तात त्यांची खूण वर्षानुवर्षं राहते! गेले की नाही ते श्वास तपासून कळतं. गोळ्या संपल्यावर महिन्याने येऊन पिशवीत फुंका!"

"म्हणजे आत्ता आहेत की नाहीत?" ऑस्पनबेक मधेच ओरडला.

"या कागदावरून काहीच सांगता येत नाही!"

दोन्ही व्याह्यांनी एकदमच विचारलं, "मग भरवायचं की नाही?"

"तुम्ही बसा फुंकत!" कुल्याश म्हणाली. तिने भला मोठा घास विहिणीच्या तोंडात कोंबला, विहिणीने तिच्या. मग एकेक दोघा नवऱ्यांच्या तोंडात, आणि उरलेली चरबी रीतीप्रमाणे त्यांच्या गालांना फासली! सोयरीक पक्की झाली. मार्झान रडता रडता हसायला लागली.

घास घशाखाली उतरला, आणि तेव्हा कुठे ऑस्पनबेकच्या डोक्यात प्रकाश पडला. "अगं, तुम्हा दोघींचं रक्त कधी तपासलं?"

"आमचं?" कुल्याशने बोटं चाटली. "आम्हाला विचारलंय कुणी?"