गायकवाड मॅडमची गप्प बुरशी

आमच्या नाहूरच्या बिल्डिंगमध्ये पावाला बुरशी आली की तो फेकत नाहीत, तळमजल्यावर गायकवाड मॅडमना दाखवतात. मॅडम भिंगातून बघतात आणि स्थळ नाकारावं तसं सांगतात, "साधी आहे गं. आपल्यातली नव्हे."

आपल्यातली म्हणजे समुद्रातली. मॅडम कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतात. मालवणच्या खडकावरून त्यांनी एक स्पंज आणला होता. स्पंज हा प्राणी असतो, हे त्यांनी मला जिन्यात गाठून, हातातलं दूध नासेपर्यंत समजावलं. त्या स्पंजाच्या आत राहणारी एक हिरवट बुरशी त्यांनी काचेच्या बशीत वाढवली. ती असं काही औषध सोडायची की भले भले जंतू तिच्यापासून चार हात लांब राहायचे. मॅडम तिला "आमची बाई" म्हणायच्या.

मॅडमच्या आईंना मात्र ही बाई घरात नको होती. जादा बशा घरच्या फ्रिजमध्ये आल्या की त्यांचा आवाज आमच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत यायचा. "सरोज, फ्रिज हाय का गटार?" मॅडमही तेवढ्याच जोरात उत्तर द्यायच्या. आम्हाला वेगळ्या टीव्हीची गरज नव्हती.

गेल्या वर्षी आई गेल्या. पुढे बाईनंही औषध करणं बंद केलं.

"वाट लागली," मॅडम म्हणाल्या. जंतू आता बाईला खुशाल खेटून बसत होते. महिनाअखेर प्रयोग गुंडाळा, असं कॉलेजनं सांगितलं. मॅडमनी समुद्राचं पाणी घातलं, खाणं बदललं, उपाशीही ठेवलं. जावयाचे होत नाहीत एवढे लाड झाले. बाई ढिम्म.

शेवटी त्याच स्पंजातला एक जिवाणू त्यांनी तिच्या बशीत सोडला. रविवारी त्या बशी घेऊन वर आल्या. जंतूंच्या दाट थरात बुरशीभोवती स्वच्छ गोल पडला होता; जंतू पुन्हा चार हात लांब.

"एकटी वाढवत होते ना, म्हणून गप्प होती. शेजारी कुणीतरी कटकट्या लागतो तिला."

मी पेढे आणायला निघाले. वळून पाहते तर मॅडम माझा फ्रिज उघडून बशी दह्याशेजारी सारत होत्या.

"अहो मॅडम, हे काय?"

"राहू दे गं. खाली कुठंही ठेवली तरी कुणी काही बोलत नाही."

मला भरून आलं.

"ओरड ना जरा," त्या हळूच म्हणाल्या.

मला साध्या भाजीवाल्याशी भांडता येत नाही. तरी घसा साफ करून मी जमेल तेवढ्या जोरात ओरडले, "काढा ती घाण माझ्या फ्रिजमधून!"

मॅडमनी डोळे पुसले, कमरेवर हात ठेवले आणि भांडायला उभ्या राहिल्या.