रंगभट्टीवर पहारा बसविल्याची हकीकत

श्रीगजाननास स्मरून, चाकण परगण्यात मोटारींचे दरवाजे रंगविणाऱ्या कारखान्यावर जो प्रसंग गुजरला, तो शहाण्यांस इशारा आणि मूर्खांस करमणूक व्हावी म्हणून येणेप्रमाणे नमूद केला जातो.

कारखान्याचे मुख्याधिकारी राजमान्य राजश्री लक्ष्मणराव साहेब; दरारा मोठा, वाचन अल्प. रंग भाजून पक्का करणाऱ्या रंगभट्टीचा संगणक दोनदा गुपचूप बंद पडला आणि पाचशे दरवाजे कच्च्या रंगाचे निघाले, आणि खरेदीदार कंपनीने खलिता धाडला की, गुरुवारी तीन वाजता आमचे तपासनीस येतील, तोवर भट्टीवर नजर ठेवणारे सॉफ्टवेअर चालू दिसावे. मग साहेबांनी विजयश्रीबाईंस मोहिमेवर नेमले. बाई भौतिकशास्त्र शिकलेल्या, मितभाषी, सहा महिन्यांच्या कच्च्या नेमणुकीवर. फत्ते झाल्यास नोकरी कायम, न झाल्यास निरोप, ऐसी अट पडली.

बाईंनी नव्याने आणलेल्या लिनक्सच्या यंत्रावर त्या सॉफ्टवेअरची मूळ कोडपासून बांधणी मांडली. पहिल्या हल्ल्यास लायब्ररी म्हणजे तयार कोडची एक शिबंदी गैरहजर निघाली, ती बोलावली. दुसऱ्यास कोडचे यंत्रभाषेत भाषांतर करणारा कंपायलर जुनाट निघाला, तो बदलला. आणि मग तिसरा शत्रू उभा राहिला, तो कोणासच उमगेना. बांधणीचा हुकूम सोडावा, तो यंत्राने सारी पूर्वतयारी पहिल्यापासून तपासावी, आणि ती संपताच पुन्हा तपासावी, आणि बांधणी काही सुरू होऊ नये. ऐसे बारा वेळा झाले.

मग सल्लागारांची फौज लोटली. कोणी म्हणे यंत्र बंद करून चालू करावे, कोणी म्हणे सारे पुसून नव्याने घालावे, आणि साहेबांनी जातीने येऊन फर्माविले की वेग वाढवावा. पडद्यावर दर खेपेस एक ओळ उमटत होती, पण वाचण्याचा रिवाज त्या दरबारी नव्हता. बाईंनी ती वाचली. मजकूर ऐसा की, या फाइलींची वेळ भविष्यातली आहे. फाइली साठवणीच्या दुसऱ्या यंत्रावर होत्या आणि त्याचे घड्याळ दहा मिनिटे पुढे होते. सबब बांधणीचे यंत्र दर खेपेस समजे की फाइली नुकत्याच बदलल्या, तयारी शिळी झाली.

त्या यंत्राचे कारभारी रोहिदास, गावच्या जुन्या शेतकरी घराण्यातले. बाईंनी विचारता ते निर्विकारपणे म्हणाले, “दहा मिन्टं व्हय? ती मीच पुढं केली, मॅडम. सायबांचा हुकूम हाय, समद्या घड्याळांना.”

शिफ्टला लोक वेळेवर यावेत म्हणून साहेबांनी कारखान्यातील एकूण एक घड्याळ पुढे करविले होते. आणि लोक मनात दहा मिनिटे वजा करून पूर्वीइतक्याच उशिरा येत, हे साहेबांखेरीज सर्वांस ठाऊक होते.

मग बाई साहेबांसमोर गेल्या, आणि साहेब तापले की, फर्मान मागे घेतले तर अब्रू काय राहील. दिवस गुरुवारचा; भिंतीवर दीड वाजला होता, म्हणजे खरे एक वीस.

बाई म्हणाल्या, “सर, भिंतीवरची घड्याळं तशीच राहू द्या. हे एक यंत्र शिफ्टला उशिरा येत नाही, तेवढं वगळा.”

साहेबांनी दीर्घ विचार केल्याचा आविर्भाव आणून सदर यंत्रास खास सवलत बहाल केली. रोहिदासांनी घड्याळ मागे घेतले, बाईंनी फाइलींवर खरी वेळ चढविली, आणि अकरा मिनिटांत बांधणी पार पडली. तीन वाजता तपासनीस आले. बाईंनी त्यांच्यादेखत भट्टीचा संगणक बंद करविला, तो पडद्यावर लाल इशारा झळकला, आणि तपासनिसांनी पसंतीची सही केली.

येणेप्रमाणे ठाणे काबीज झाले. वरिष्ठांस गेलेल्या अहवालात हा विजय लक्ष्मणराव साहेबांच्या दूरदृष्टीने झाला असे लिहिले आहे, आणि बाईंचे नाव त्यात कोठेच नाही. ते कायम नेमणुकीच्या पत्रावर आहे. बाईंनी अहवालाची तक्रार केली नाही. पत्र ओळ न् ओळ वाचले, आणि मग सही करून घरी गेल्या.