पंचनाम्याआधीचा केर

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत जिन्यात दुधाची पिशवी फुटली, की समोरचे गजभिये काका खडू घेऊन यायचे आणि सांडलेल्या दुधाभोवती रेघ आखायचे. "कुणी हात लावायचा नाही! जागा जशीच्या तशी!" फौजदारकीतून निवृत्त होऊन त्यांना चार वर्षं झाली होती, पण हे त्यांना कुणी कळवलं नसावं.

पंचनाम्याला पंच लागतात दोन. एक मी, कारण माझं दार समोर. दुसरे आमचे हे. कॉम्प्युटर कंपनीतून दमून आले, की बूट काढायच्या आत सही. 'मांजराने पिशवी फाडल्याचे दिसून येते' याखाली माझी सही आहे. एम. ए. होऊन हेच करायचं राहिलं होतं!

मग एका मंगळवारी खरीच चोरी झाली, आणि तीही माझ्याच घरी. दुपारी मंडईतून आले, तर कुलूप तोडलेलं, साड्या जमिनीवर, कपाटातल्या पाटल्या गायब. फोन केला पोलिसांना, आणि मनात आलं, अगंबाई, आता चार परके लोक घर बघणार! तेवढ्यात कामाला शांता आली. तिला म्हटलं, "आधी हा पसारा आवर." बिचारीने केर काढला, फरशी पुसली, कपाटसुद्धा ओल्या फडक्याने लख्ख केलं. मी चहाचं आधण ठेवलं.

गजभिये काका धावत आले. "कुणाला लागलं नाही ना?" हा पहिला प्रश्न. मग चकचकीत फरशी बघून मटकन खाली बसले.

"वहिनी, ठसे पुसलेत तुम्ही! चोर स्वतः आला असता, तरी इतकं नीट पुसून गेला नसता."

पोलीस आले. सोसायटीचे सेक्रेटरी लगेच त्यांच्या कानाला लागले, "हिनेच पुसलं सगळं. एवढी घाई का बरं?" शांता पांढरीफटक पडली. तिने माझ्याकडे पाहिलं. आणि मी? मी गप्प! सगळ्या बिल्डिंगसमोर मूर्ख ठरायची लाज वाटली हो. शांताला चौकीवर घेऊन गेले.

काका मागे थांबले. त्यांचा आवाज एवढा हळू मी कधी ऐकला नव्हता.

"नोकरीच्या पहिल्या वर्षी मी अशाच एका मोलकरणीला उचलून आणलं होतं. कमल नाव तिचं. दोन दिवसांनी अंगठी मालकिणीच्याच उशीच्या अभ्र्यात सापडली. माफी मागायला गेलो, तर ती वस्ती सोडून गेली होती. तिला कुणी काम देईना. फार शोधलं मी तिला, वहिनी."

मी चपला घातल्या. चौकीत बाकावर शांता रडून रडून थकली होती. साहेबांना म्हटलं, "केर मी काढायला लावला. माझा मूर्खपणा आधी लिहून घ्या." त्यांनी लिहून घेतला, वर दोन शब्द सुनावलेही. ऐकून घेतले, चूक माझीच होती.

पाटल्या काही मिळाल्या नाहीत. शांताला मात्र तासाभरात सोडलं.

ती पायरी उतरली, तेव्हा खाली गजभिये काका उभे होते. त्यांनी तिच्यापुढे हात जोडले. "माफ कर, बाई."

शांता गांगरली. "अहो काका, तुम्ही कशाला? तुम्ही माझं काय केलंय?"

काका तसेच हात जोडून उभे राहिले.