कुरकुरनिवारण कारखान्याच्या बारा पानांची हकीकत

श्रोत्यांनी सावध चित्त द्यावे. मोठमोठ्या फौजांच्या हकीकती पुष्कळांनी लिहिल्या, परंतु जेवणाच्या टेबलावर नऊ दिवस जी मोहीम चालली, आणि तीत एक सुतार, त्यांचे कुटुंब व कुटुंबाचे धाकटे बंधू ऐसे तीनच असामी असता सातव्या मजल्यावरील गुंतवणूकदारांचा मुलूख सर जाहला, ती हकीकत कोणी लिहिली नाही. सबब आम्ही लिहितो. पदरचे काही घातले नाही. जेथे घातले तेथे निरुपाय होता.

सुतार हुजूर म्हणजे कानाचे बहाद्दर. खुर्ची कुरकुरली की डोळे मिटून सांगावे, मागचा डावा पाय, वरचा सांधा. आणि उलटी करून पाहावी तों तोच सांधा सैल. दारे, पलंग, जिने, कपाटे, सर्वांची बोली त्यांस अवगत. बावीस वर्षे लाकडी सामानाच्या कारखान्यात चाकरी केली, आणि मग कारखान्यास कुलूप पडले, आणि हुजूर व त्यांच्या हाताखालचे चार कारागीर एकाच दिवशी बेकार जाहले. हे चौघे रोज सकाळी हुजुरांच्या दारी येऊन पायरीवर बसत, चहा घेत, हवापाण्याच्या गोष्टी बोलत आणि जात. मागत काही नसत. ते न मागणेच हुजुरांच्या जिवास फार लागे.

मग हुजुरांनी शहरात फिरून लोकांच्या घरची कुरकुर काढण्याचा उद्योग आरंभिला. एके दिवशी दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीचा बंदोबस्त केला, तेव्हा डॉक्टर बहुत खूश होऊन म्हणाले, “माझ्याकडची निम्मी ओरड तुम्ही बंद केलीत. बाकीची पेशंटची. अहो, कंपनी काढा!” त्यांनीच एका गुंतवणूकदार मंडळीचा पत्ता दिला. तिकडून खलिता आला की, धंद्याचा आराखडा बारा पानी असावा, तेरावे पान वाचले जाणार नाही, आणि पुढील आठवड्यातील बुधवारी सकाळी अकरा वाजता खासा हजर व्हावे.

हुजुरांनी उभ्या जन्मात दाराचा आराखडा केला होता, पलंगाचा केला होता. धंद्याचा आराखडा म्हणजे कोणत्या बाजूने धरावा हेही ठाऊक नव्हते. सबब मसलतीस मेहुण्यांस पाचारण केले.

मेहुणे मोठ्या कचेरीत तक्ते करण्याच्या कामी होते. स्वारी लॅपटॉप, चार्जर, लांब वायर आणि रंगीत पेनांचा जुडगा ऐसा सरंजाम घेऊन दाखल जाहली, आणि टेबल काबीज केले. बाईसाहेब शिवणकाम करीत. त्यांचे मशीन टेबलावरून उठून खिडकीपाशी गेले. कापडांचे गठ्ठे पलंगावर गेले. हुजूर बैठकीच्या खोलीत जमिनीवर गेले. येणेप्रमाणे पहिल्या दिवशी शत्रूचे काही गेले नाही, आपलाच मुलूख गेला.

मेहुण्यांनी तीन दिवस कलम चालविले आणि चव्वेचाळीस पाने उभी केली. त्यांत हुजुरांस ‘मुख्य ध्वनी अधिकारी’ हा किताब दिला. पायरीवरील चार कारागिरांस ‘मनुष्यबळ’ म्हटले. पृथ्वीवरील माणसे मोजली, प्रत्येकास चार खुर्च्या, दोन दारे व एक पलंग नेमून दिला, आणि मग एक तक्ता काढिला, ज्याची रेघ पहिल्या वर्षी जमिनीवरून निघून चौथ्या वर्षी चौकट फोडून पानाबाहेर गेली.

बाईसाहेबांनी मशीन थांबविले आणि मागे येऊन तो तक्ता वाचिला. मग विचारले, “पाचव्या वर्षी इतक्या खुर्च्या दुरुस्त करणार? एवढ्या खुर्च्या जगात आहेत का रे?”

“ताई, हा अंदाज आहे. ह्या खुर्च्यांवर कुणी बसायचं नसतं.”

“मग कुरकुरतील कशाला?”

मेहुण्यांस हा घाव वर्मी लागला. तथापि हिंमत न सोडता त्यांनी पुढील पान दाखविले. तेथे ‘प्रतिस्पर्धी’ या शब्दाखाली ठळक अक्षरी ‘कोणीही नाही’ ऐसे लिहिले होते. बाईसाहेबांनी मशीनच्या खणातून तेलाची बाटली काढली आणि त्या पानावर आणून ठेविली.

बोटाएवढी बाटली, परंतु तीत सर्व मोहीम बुडताना तिघांनी पाहिली. घरोघरी ऐसी बाटली आहे. दोन थेंब सोडले की दार गप्प. मग सुताराच्या कंपनीस कोण विचारतो? मेहुण्यांनी लॅपटॉप मिटला, आणि ‘तेल’ हा शब्द आराखड्यात कोठे येऊच नये ऐसी तजवीज सुचविली. हुजूर उठून बाहेर गेले. सकाळची वेळ, पायरीवर चौघे बसलेले. त्यांस पाहून आत परत आले, कारण बाहेर उभे राहण्यास तोंड नव्हते.

परत येऊन म्हणाले की, तेलाने बिजागरी आठ दिवस गप्प बसते. लाकूड लाकडावर घासते तेथे तेल चालत नाही, उलट सांधा फुगून बसतो.

“हे लोकांना माहीत आहे?” बाईसाहेबांनी विचारले.

“नाही.”

“मग लोक तुम्हाला का बोलावतात?”

हुजुरांनी आपली कामांची वही आणिली, जीत प्रत्येक कामाची नोंद होती. बाईसाहेबांनी ती मांडीवर घेऊन पहिल्या पानापासून वाचण्यास आरंभ केला. ‘पलंग, तिसरा मजला. बोलावणे दुसऱ्या मजल्यावरून.’ ‘दार. बोलावणे समोरच्या घरातून.’ ‘खुर्ची, सासऱ्यांची. बोलावणे सुनेकडून, सासरे फिरायला गेले असता.’ बासष्ट कामे, त्यांपैकी एकेचाळीस ठिकाणी ज्याची वस्तू त्याने बोलाविलेच नव्हते!

बाईसाहेबांनी चष्मा काढला. “अहो, ज्याची खुर्ची त्याला ऐकूच येत नाही! त्याला सवय झालेली असते. आपलं गिऱ्हाईक खुर्चीवाला नाहीच. त्याचा शेजारी आहे!”

मेहुण्यांनी उडी मारली, ती वायरीत अडकून जमिनीवर पूर्ण केली, आणि पडल्या जागेवरून म्हणाले, “आणि शेजाऱ्याच्या घरात जाऊन तेल घालता येत नाही!”

मग मोहिमेस रंग चढला. कलम बाईसाहेबांच्या हाती आले. त्यांनी फर्मान काढिले की, प्रत्येक पान हुजुरांनी मोठ्याने वाचावे, आणि जे वाक्य वाचताना हुजूर अडखळतील ते वाक्य त्या जागी कापावे. पहिल्याच प्रहरी मुख्य ध्वनी अधिकारी कापले गेले. पृथ्वीची लोकसंख्या गेली. मेहुण्यांनी आपल्या लाडक्या तक्त्यासाठी बहुत रदबदली केली, डोळ्यांत पाणी आणिले, तेव्हा रेघ पानाच्या आत राहील या कराराने पहिल्या वर्षापुरता तक्ता जिवंत सोडला. पुढे मेहुण्यांनीच आपण होऊन एक युक्ती काढिली की, शेजाऱ्याने फोन करावा व पैसे भरावे, आणि आपल्या कुरकुरनिवारण कारखान्याने खुर्चीवाल्याकडे ‘आपली मोफत तपासणीसाठी निवड झाली आहे’ ऐसे सांगून जावे. निवड कोणी केली हे गुप्त राखावे. ती सहाव्या पानी दाखल जाहली. येणेप्रमाणे चव्वेचाळीस पानांची बारा जाहली, आणि नवव्या पानी चार कारागिरांचे प्रत्येकाचे नाव, काम आणि पगार वेगवेगळा लिहिला गेला.

बुधवारी सकाळी तिघे कूच करून सातव्या मजल्यावर दाखल जाहले. मेहुण्यांचा गुप्त डाव ऐसा होता की, गुंतवणूकदारांची एखादी खुर्ची कुरकुरेलच, आणि मग हुजुरांनी तेथल्या तेथे पराक्रम दाखवावा. सबब सभागृहात शिरताच ते एकेका खुर्चीवर बसून मागेपुढे झुलू लागले. पाच खुर्च्या झाल्या. एकही हूं की चूं करीना. सहावीवर झुलत असता दार उघडून गुंतवणूकदार मंडळी आत आली, आणि त्यांतील वडील बाईंनी काळजीने विचारले, “पाठीचा काही त्रास आहे का?”

मंडळी तिघांची होती. त्यांनी बाराही पाने वाचिली. मग एका तरुण गुंतवणूकदाराने तोफ डागली की, इतर लोक पाचव्या वर्षापर्यंतचे आकडे आणितात, आपण एकाच वर्षाचे आणिले, हे कसे?

मेहुण्यांनी तोंड उघडले, परंतु टेबलाखालून बाईसाहेबांनी त्यांचा पाय दाबला.

हुजूर म्हणाले, “पाचव्या वर्षाचं मला खरंच माहीत नाही. कान तयार व्हायला वर्ष लागतं. हे चौघे तयार आहेत, म्हणून चौघांचंच लिहिलं. पुढचे चार तयार झाले की पुढचं लिहीन.”

तरुणाने मान हलविली, ती होय की नाही ते कळेना. दुसऱ्याने घड्याळ पाहिले. डाव हातचा जातो ऐसा रंग दिसू लागला. इतक्यात वडील बाईंनी सहावे पान पुन्हा उघडले, त्यावर बोट ठेविले, आवाज खाली आणिला आणि विचारले, “हे जे गुप्त म्हटलंय, ते कितपत गुप्त?”

“कुणालाच सांगत नाही,” हुजूर म्हणाले.

“समजा, वरच्या मजल्यावर पलंग आहे. अकरा वर्षं. आणि त्यांच्याशी आपले संबंध चांगले आहेत, ते बिघडवायचे नाहीत.”

हुजुरांनी आवाज कैसा ते विचारले. बाईंनी इकडेतिकडे पाहिले, आणि मग सभागृहात, दोन भागीदारांसमक्ष, डोळे मिटून तो आवाज तोंडाने काढून दाखविला. हुजुरांनीही डोळे मिटले. म्हणाले, “उशाकडचा उजवा सांधा. अर्ध्या तासाचं काम.”

दुसऱ्या गुंतवणूकदाराने घड्याळावरून हात काढला आणि हळूच म्हणाला, “आमच्या समोरचं दार असं करतं,” आणि त्यानेही करून दाखविले. तरुणाने बराच वेळ धीर धरला. शेवटी त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून बाहेरचे कारकून दार उघडून पाहावयास आले.

करारनामा चौथ्या दिवशी तयार जाहला. मागितले त्याहून थोडे कमी मिळाले, परंतु चौघांचा वर्षाचा पगार पुरा बसला. हुजुरांनी सहीसाठी पेन उचलले आणि कागद वाचून खाली ठेविले. तेथे ‘संस्थापक’ या शब्दाखाली सहीस एकच ओळ होती.

“हे हिनं लिहिलंय,” ते म्हणाले. “मी नुसतं वाचलं.”

बाईसाहेब म्हणाल्या, “अहो, राहू द्या ना.”

हुजुरांनी राहू दिले नाही. तरुण गुंतवणूकदार म्हणाला की, नवीन कागद छापून येण्यास दोन दिवस लागतील. तेव्हा वडील बाईंनी पट्टी मागविली, पहिल्या ओळीशेजारी त्याच मापाची दुसरी ओळ स्वहस्ते आखिली आणि कागद बाईसाहेबांपुढे सरकविला. बाईसाहेबांनी आजवर गिऱ्हाइकांच्या पावत्यांवर नुसते आडनाव लिहिले होते. त्या दिवशी दोन प्रहरी, सातव्या मजल्यावर, सर्वांसमक्ष, त्यांनी आपले पूर्ण नाव लिहिले आणि खाली एक रेघ ओढली. मोहीम फत्ते जाहली, ऐसी नोंद केली असे.