साळूबाईचं मत

एका जंगलात, बाळांनो, एकच पाणवठा होता आणि भर उन्हाळ्यात सिंह त्यात गळ्यापर्यंत बसून असायचा. बाकीच्यांच्या वाट्याला काठावरचा चिखल यायचा. सिंह याला राज्यकारभार म्हणत असे.

साळूबाई नावाच्या साळिंदराची पिल्लं तहानेनं मान टाकायला लागली. तेव्हा ती काठावर उभी राहून म्हणाली, "महाराज, माझं मत असं आहे की तुम्ही दुपारी तरी बाहेर यावं."

जंगलात आजवर कुणाला मत नव्हतं. सिंह दचकला. त्यानं करकोच्याला बोलावलं. करकोचा दरवर्षी देशोदेशी फिरून यायचा, त्यामुळे इथलं त्याला काहीच आवडत नसे.

करकोच्यानं सांगितलं की इतर जंगलांत असल्या मतांचा रीतसर बंदोबस्त करतात. बर्फाच्या जंगलात उमेदवार एकच, एक अस्वल. सगळे त्यालाच निवडतात. न निवडणारा पुढच्या निवडणुकीला दिसत नाही. समुद्रापलीकडे उमेदवार दोन, पण कधीकधी कमी मतं मिळालेलाच राजा होतो. का, ते तिथल्या घुबडांनाही सांगता येत नाही. एका बेटावर राणी आहे, ती राज्य करत नाही. राज्य करणारे वेगळे आहेत, तेही करत नाहीत. डोंगरातल्या जंगलात तर गाईच्या गळ्यात घंटा बांधावी का, यावरसुद्धा मतदान घेतात.

"पण यातलं चांगलं कुठलं?" साळूबाईनं विचारलं. "म्हणजे पाणी कुठे मिळतं?"

"मला सगळीकडे मिळालं," करकोचा म्हणाला. "मी पाहुणा होतो."

सिंहाला मतदानाची कल्पना पटली. निवडणूक जाहीर झाली आणि त्याच दिवसापासून तो साळूबाईला 'साळूताई' म्हणू लागला. त्याच्याविरुद्ध एक रानडुक्कर उभं राहिलं. त्यालाही पाणवठ्यातच बसायचं होतं, पण कडेकडेनं, असं त्याचं आश्वासन होतं. मला विचाराल तर दोघेही लबाड.

साळूबाईनं डुकराला मत दिलं. खूण म्हणून तिच्या एका काट्याला जांभळाचा रंग लावला. पिल्लांना तो फार आवडला.

दोघांना सारखीच मतं पडली. मग जंगलाच्या व्यापक हितासाठी सिंह आणि डुक्कर एकत्र आले आणि दोघेही पाणवठ्यात बसले. आता काठावर चिखलालाही जागा उरली नाही.

साळूबाई पिल्लांना घेऊन आली. "महाराज, माझं मत असं आहे..."

सिंहानं तिला मधेच थांबवलं. "साळूताई, मत तुम्ही दिलंत ना?"

"दिलं."

"मग ते आता तुमच्याकडे कसं असेल?"

साळूबाईनं आपल्या जांभळ्या काट्याकडे पाहिलं. डुक्कर पाण्यात कुशीवर वळलं आणि म्हणालं, पुढच्या निवडणुकीला नवीन मिळेल.

धाकट्या पिल्लानं आईला विचारलं, "पुढची निवडणूक म्हणजे संध्याकाळी का गं?"

तात्पर्य : राज्यपद्धती कुठलीच वाईट नसते. फक्त आपण पाहुणे तरी असावं, नाहीतर पाण्यात तरी बसलेलं असावं.